खाली नसलेला ताल : आमच्या उपासनेतील गायन आणि मौन

रविवारची सकाळ. मिस्सा सुरू होण्यास अजून पंधरा-वीस मिनिटांचा अवकाश असतो. पुढच्या बाकावर एखादी आजी डोळे मिटून पवित्र माळ जपत बसलेली असते. त्याच वेळी वेदीच्या एका अंगाला गायकवृंदाची लगबग चाललेली असते. कीबोर्डवर सूर तपासले जातात, माइकवर 'हॅलो, हॅलो' होते, नव्या गीताची अखेरची ओळ तिसऱ्यांदा घोटली जाते. आजींची माळ मध्येच थांबते. हे दृश्य अमरावतीचे की अकोल्याचे, हे सांगण्याची गरज नाही. वऱ्हाडातील बहुतेक धर्मग्रामांना ते ओळखीचे वाटेल.

मिस्सा आटोपल्यावर धर्मगुरूंच्या दारी दोन गाऱ्हाणी येतात. आजी म्हणतात, "फादर, घरी टीव्ही, रस्त्यावर डीजे. इथं तरी देवाशी दोन शब्द बोलू द्या ना जी." गायकवृंदातील तरुण म्हणतो, "फादर, आमी दिवसभर कामाले असतो. सगळे जमतात ते रविवारीच. मंग सराव कवा करावं?" दोघांचेही खरे असते. आम्ही धर्मगुरू आजींना धीर धरावयास सांगतो, तरुणांना आवाज कमी करावयास सांगतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच घडते.

या गाऱ्हाण्यांकडे आपण घरातील कुरबुर म्हणून पाहतो, हीच आपली पहिली चूक आहे. चर्चमध्ये गावे कशासाठी आणि थांबावे कशासाठी, हा उपासनेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे. तेव्हा आमच्या धर्मग्रामांतील गायनाची थोडी परखड समीक्षा होणे अवश्य आहे. ती करताना आम्ही स्वतःला वगळणार नाही.

थोडा इतिहास पाहू. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. वेदीवर धर्मगुरू आपल्या प्रार्थना म्हणत आणि बाकांवर भाविक आपली माळ जपत. शांतता होती, परंतु ती पुष्कळ वेळा दोन समांतर प्रार्थनांमधील शांतता होती. त्याआधी १९०३ साली, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी जो आदेश काढला, त्यात पियानो, ढोल, झांजा यांसारख्या वाद्यांना चर्चमध्ये मज्जाव केला होता. त्या दंडकाने पाहिले तर आमचा तबला, ढोलकी आणि टाळ दारातच थांबले असते. दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने. ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेल्या उपासनाविषयक संविधानाने मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला मान दिला आणि योग्य ती वाद्ये उपासनेत घेण्यास वाव दिला. मग लॅटिनच्या जागी मराठी आली, आणि तिच्या सोबतीने भजनाची चाल, पेटी आणि तबला आले.

आज ज्यांना शांतता हवी ते १९०३ चा दाखला देतात. ज्यांना वाद्ये हवीत ते १९६३ चा. या दोहोंचा मेळ ज्या दस्तऐवजात घातलेला आहे, तो मात्र फारसा कोणी उघडत नाही. ५ मार्च १९६७ रोजी निघालेली 'मूसिकाम साक्राम' ही सूचना आम्ही सेमिनरीत अभ्यासली होती. पुढे धर्मग्रामाच्या धबडग्यात ती कपाटात गेली, हे कबूल करावयास हवे. तिच्यातील दोन गोष्टी आमच्या प्रश्नाला थेट भिडतात.

पहिली गोष्ट गायनाच्या पायऱ्यांची. मिस्सामध्ये काय गावे, याच्या तीन पायऱ्या ही सूचना लावून देते. पहिल्या पायरीवर धर्मगुरू व लोक यांच्यातील संवाद येतात : आरंभीचे अभिवादन, प्रार्थना, ख्रिस्तयागाच्या प्रस्तावनेचा संवाद, 'पवित्र, पवित्र' आणि प्रभूची प्रार्थना. दुसऱ्या पायरीवर दयायाचना, गौरवगीत, श्रद्धाघोषणा इत्यादी. प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत ही तिसऱ्या पायरीवर. नियम असा की पहिली पायरी एकटी चालू शकते, परंतु पहिलीवाचून दुसरी व तिसरी कधीही घेऊ नये. दुसरी गोष्ट मौनाची. पवित्र मौनाने भाविक परके किंवा मुके प्रेक्षक होत नाहीत, उलट चाललेल्या रहस्याशी ते अधिक जवळून जोडले जातात, असा तिचा आशय आहे. मौन हाही सहभाग आहे. ती दोन गीतांच्या मधली उरलेली जागा नव्हे.

या मोजपट्टीने आता आमचा रविवार मोजून पाहू. प्रवेशगीत चार कडव्यांचे होते. धर्मगुरू वेदीपाशी पोहोचून उभे राहिले तरी दोन कडवी शिल्लक असतात. अर्पणगीत थाटात होते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एकामागून एक अशी दोन-तीन गीते होतात. म्हणजे तिसरी पायरी भरभक्कम! आणि पहिली? धर्मगुरू अभिवादन घाईघाईने म्हणून टाकतात, लोक पुटपुटत उत्तर देतात. प्रस्तावनेचा संवाद, जो साऱ्या मंडळीने एका सुरात गावा, तो कोरडा उरकला जातो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय न ठेवता आम्ही तिसरीवर उडी घेत आहोत. यात गायकवृंदाचा दोष थोडा आहे. संवाद गाण्याचा आरंभ धर्मगुरूनेच करावयाचा असतो, आणि आपला आवाज बरा नाही या सबबीखाली आमच्यापैकी अनेकांनी तो केव्हाच सोडून दिला आहे.

परिणाम असा झाला की गीत हे मंडळीचे न राहता गायकवृंदाचे झाले. नवे गीत मोबाइलवर कुठून तरी येते, आठ दिवसांत बसवले जाते, एकदा गायले जाते आणि महिन्याभरात विसरले जाते. चाल पुष्कळदा चित्रपटगीताच्या वळणाची असते. तीत वाईट काही नसेलही, परंतु ती ऐकताना मन वेदीकडे न जाता पडद्याकडे जाते. वऱ्हाडातील आमची मंडळी बहुभाषी आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, दक्षिणेकडून नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांच्या भाषा, आणि मेळघाटात कोरकू. अशा मंडळीला दर आठवड्याला नवे गीत दिले तर ती ऐकेल, गाणार नाही. तिला थोडी, सोपी, वर्षानुवर्षे टिकणारी गीते हवीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या गाता येतात, कारण ओवीची चाल एकदा कानात बसली की पुढे शब्दच माणसाला घेऊन जातात. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या घडणीत ख्रिस्तभक्ती गायली, तीही याच न्यायाने. चाल शब्दाची सेवक होती. आज आमच्याकडे शब्द चालीची चाकरी करतो.

दुसरा दोष यंत्राचा. आमची चर्चेस मोठी नाहीत. अमरावतीचे कॅथेड्रल सोडले तर बहुतेक ठिकाणी मागच्या बाकावरील माणसाला नुसता धडधाकट कंठही ऐकू जाईल. तरी आम्ही भिंतीभिंतीला ध्वनिवर्धक बसवले आहेत. कीबोर्डमध्ये आयता ठेका भरलेला असतो. कळ दाबली की तो चालू होतो आणि थकत नाही, श्वास घेत नाही, मंडळी मागे राहिली तर तिच्यासाठी थांबतही नाही. मंडळीचा आवाज त्याखाली बुडाला की माणसे हळूहळू तोंड मिटतात. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या भोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांत आहे. आमच्या पुष्कळ चर्चेसना लागून आमच्याच शाळा आहेत. शाळेच्या फाटकाबाहेर शांतता मागणारे आम्ही, चर्चच्या भिंतीआड तिला किती जागा देतो?

तिसरा दोष सर्वांत गंभीर आणि तो बहुतांशी आमचा, धर्मगुरूंचा आहे. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनेत मौनाच्या जागा नेमून दिलेल्या आहेत : पश्चात्तापविधीत, 'आपण प्रार्थना करू या' या शब्दांनंतर, वाचनानंतर, प्रवचनानंतर आणि ख्रिस्तप्रसादानंतर. मिस्सापूर्वीही चर्चमध्ये व सांक्रिस्तीत शांतता असावी, असे ती सांगते. प्रत्यक्षात काय होते? 'आपण प्रार्थना करू या' म्हणताच आम्ही प्रार्थना वाचू लागतो. लोकांना प्रार्थना करण्यास क्षणही मिळत नाही. प्रवचन संपते न संपते तोच आम्ही पुढचे पान उलटतो. ख्रिस्तप्रसादानंतर, ज्या घटकेला भाविकाच्या अंतःकरणात प्रभू अतिथी म्हणून आलेला असतो, त्या घटकेला आम्ही सूचना वाचतो. महिला मंडळाची सभा, सहलीची वर्गणी, सायकल स्टँडची शिस्त. गायकवृंदाने भरली नाही ती जागा आम्ही भरतो. तेव्हा गोंगाटाचे खापर एकट्या तरुणांच्या माथी फोडणे न्यायाचे नाही.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की आमचा कल गायन आवरते घेण्याकडे आहे. तसा तो एकदा होता, आणि त्याचे फळ आम्ही चाखले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान धर्मग्रामात असताना सरावाच्या गोंगाटाने वैतागून आम्ही प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी कीबोर्ड कपाटात घालून कुलूप लावले. नियमाचा आधार हाताशी होताच, कारण त्या काळात केवळ वाद्यवादन करू नये असे 'मूसिकाम साक्राम' सांगते. परंतु आमच्या मनात नियमापेक्षा राग अधिक होता. गायनाला आधार म्हणून वाद्य चालले असते; आम्ही तेही बंद केले. चर्च शांत झाले. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत मागचे तीन बाक रिकामे झाले. आम्ही एका मुलाला रस्त्यात गाठून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "फादर, आमी गातो म्हणून येतो. गाणं नसलं तं आमचं तिथं काय काम आहे जी?" आम्हांला जी शांतता मिळाली होती ती प्रार्थनेची नव्हती. ती गैरहजेरीची होती. त्या मुलाच्या हातून आम्ही त्याचे एकमेव अर्पण काढून घेतले होते.

संत ऑगस्टीन यांचीही अशीच ओढाताण झाली होती. इ. स. ४०० च्या सुमाराच्या आपल्या 'कबुलीजबाबा'त, दहाव्या पुस्तकात, ते सांगतात की चर्चमधील गायनाने त्यांच्या भक्तीला भरते येते आणि म्हणून ते गायनाला मान्यता देतात. परंतु गायिलेल्या अर्थापेक्षा आवाजानेच मन अधिक हेलावले, तर ते स्वतःचा अपराध मानतात. एवढ्या मोठ्या आचार्याने गायनाला चर्चबाहेर घालवले नाही. त्याने स्वतःच्या कानांवर पहारा बसवला. आम्हांला वाटते, हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

आणि खुद्द प्रभूने काय केले? मत्तयच्या शुभवर्तमानातील सव्विसावा अध्याय पाहावा. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू व शिष्य स्तोत्र गातात आणि जैतुनांच्या डोंगराकडे निघतात. लगेच गेथशेमनीची रात्र येते. प्रभू थोडा पुढे जाऊन जमिनीवर पालथा पडून एकांतात प्रार्थना करतो. आधी सर्वांनी मिळून गायिलेले गीत, मग एकट्याचे मौन, आणि दोहोंमध्ये केवळ थोडी चाल. त्या रात्री गीताने मौनाची वाट अडवली नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : ज्या शिष्यांनी गीत गायिले तेच शिष्य त्या शांततेत झोपी गेले. म्हणजे नुसती शांतता झाली की प्रार्थना होते, असेही नाही. जागे राहणे शिकावे लागते.

ही शिकवण घेण्यास आम्हां वऱ्हाडकरांना दूर जावयास नको. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे जागी करणारे हे संत. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या दिनक्रमात पहाटे सामुदायिक ध्यान आहे आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. मौनाला एक वेळ, स्वराला दुसरी. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला. पुण्यतिथी महोत्सवात त्याच घटकेला मोझरीस जमलेला अफाट जनसमुदाय मौन राखून त्यांना श्रद्धांजली वाहतो. ज्याने आयुष्यभर खंजिरी वाजवली त्याचे स्मरण लोक निःशब्दतेने करतात! दिवसभर भजने चाललेली असतात; ती थांबतात, आणि त्या थांबण्यातच भजनांचा अर्थ भरून येतो. आमच्या धर्मबंधूंपैकी ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना विचारावे, एवढ्या लोकांना गप्प कोण करतो? कोणी करीत नाही. ठरलेली वेळ असते आणि ती सर्वांना माहीत असते, एवढेच.

तबलजी हेच दुसऱ्या शब्दांत सांगतील. तीनतालाच्या नवव्या मात्रेवर 'खाली' येते. तेथे डग्ग्याची घुमारी मागे सरते. हात उचलला जातो. ती खाली असते म्हणून सम कळते. प्रत्येक मात्रेवर सारखाच घाव घातला तर त्याला ताल म्हणणार नाहीत, गलका म्हणतील. आमच्या रविवारच्या मिस्साची तक्रार एवढीच आहे : तिच्यात भरी पुष्कळ आहे, खाली नाही.

हे शक्य आहे याची साक्ष आम्हांला एका भारनियमनाच्या संध्याकाळी मिळाली. उन्हाळ्याचे दिवस होते. मिस्सा चालू असता वीज गेली. पंखे थांबले, माइक गेला, कीबोर्ड मुका झाला. गायकवृंद गोंधळून एकमेकांकडे पाहू लागला. प्रभूच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा एका वृद्ध धर्मशिक्षकाने नुसत्या कंठाने जुनी चाल धरली, आणि साऱ्या मंडळीने ती उचलली. मुलांचे, म्हाताऱ्यांचे, बेसूर, सुरेल सगळे आवाज एकत्र झाले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गायकवृंदातील मुलींनी एकच गीत हळू आवाजात गायिले. ते संपले आणि कोणी काही सांगितले नसता चर्च स्तब्ध झाले. बाहेर कडुनिंबाची पाने हलत होती, तेवढेच ऐकू येत होते. आमच्या हाती सूचनांचा कागद होता. तो आम्ही घडी करून ठेवला.

वीज जाण्याची वाट न पाहता हे साधावे कसे, याविषयी आमच्या अल्प अनुभवातून काही गोष्टी सुचवतो. सराव शाळेच्या वर्गात व्हावा. तेथे बाक आहेत, पंखा आहे आणि कोणाची माळ तुटत नाही. माइकची तपासणी मिस्सापूर्वी अर्धा तास आटोपावी. शेवटची पंधरा मिनिटे चर्चमध्ये कोणीच बोलू नये. गायकवृंदानेही ती पंधरा मिनिटे बाकांवर बसून प्रार्थनेत घालवावी. जो प्रार्थना करून उठतो त्याच्या गाण्यात फरक पडतो, हे ऐकणाऱ्यालाही कळते. धर्मगुरूंनी संवाद गावेत, आवाज कसाही असो. महिन्यातून एकच नवे गीत घ्यावे आणि तेही मंडळीला आधी शिकवावे. ख्रिस्तप्रसादाचे वाटप संपताच गीत संपावे, आणि त्यानंतर दोन पूर्ण मिनिटे मौन असावे. ही दोन मिनिटे घड्याळ पाहून पाळावीत, कारण आरंभी ती फार लांब वाटतात. सूचना समारोपाच्या प्रार्थनेनंतर द्याव्यात, आणि थोडक्यात.

नाताळातील गीतस्पर्धांचा प्रश्न वेगळा आहे. चर्चमध्ये संगीताचे कार्यक्रम करण्याविषयी ५ नोव्हेंबर १९८७ रोजी रोमच्या उपासनाविषयक मंडळाने एक पत्र काढले होते. शहरांच्या गोंगाटात चर्च हे आत्म्याच्या शांतीचे आश्रयस्थान आहे, अशी भूमिका घेऊन त्यात अटी घातल्या आहेत : लेखी विनंती करून घेतलेली बिशपांची अनुमती, विनामूल्य प्रवेश, गायक-वादकांनी वेदीच्या पवित्र परिसरात न बसणे, शक्य तर पवित्र साक्रामेंत अन्यत्र ठेवणे. टाळ्या, शिट्ट्या, गुणफलक आणि बक्षिसे यांचा कार्यक्रम या अटींत बसत नाही. तो शाळेच्या सभागृहात करावा आणि मनमुराद करावा. तरुणांच्या आनंदाला आमचा विरोध नाही. आनंदालाही त्याचे घर असावे, एवढेच म्हणणे.

बाहेरचा आवाज आपण थांबवू शकत नाही, आणि थांबवावा असेही आम्ही म्हणत नाही. श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड यात्रेचे ढोल घुमतात. तो आमच्या शेजाऱ्यांचा उत्सव आहे आणि त्यांच्या आनंदात आम्हांलाही आनंद आहे. परंतु ज्या गावात इतका आवाज आहे, त्या गावाला आम्ही ख्रिस्ती लोक काय देऊ शकतो? एक असे दार, जे उघडे आहे, आणि ज्याच्या आत गेल्यावर माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. आणि त्याच दाराच्या आत, ठरलेल्या वेळी, साऱ्यांच्या कंठातून उठणारे एक गीत.

त्या आजींना आणि त्या तरुणाला एकाच बाकावर बसवता आले, तर आमचे काम झाले असे आम्ही समजू. त्याने आपले गीत संपवून तिच्या शेजारी दोन मिनिटे गप्प बसावे. तिने माळ हातात धरून त्याच्या पुढच्या गीताला आपला थरथरता आवाज द्यावा. हे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. येत्या रविवारी सूचनांचा कागद खिशात ठेवून आरंभ आम्हीच करणार आहोत.